पोपडे धरलेला डेक : न्यू जर्सीतील एका घराचे प्रकरण

मध्य न्यू जर्सीतील आमच्या घरामागे १६ फूट रुंद आणि २० फूट लांबीचा लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा, फळ्यांचा ओटा आहे. त्याला परसात उतरणाऱ्या सहा पायऱ्या आणि तीन बाजूंनी कठडा आहे. घर २००८ साली बांधलेले असून डेकही त्याच वर्षीचा आहे. फळ्या सदर्न पाइनच्या, दाबाखाली रसायन मुरवलेल्या, म्हणजे या भागातील बहुतेक घरांमागे असतात तशाच आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये आम्ही एका ठेकेदाराकडून हा डेक धुऊन त्याला रंगाचा लेप लावून घेतला. पहिले वर्ष तो उत्तम दिसला. दुसरा हिवाळा सरून २०२३ च्या एप्रिलमध्ये बर्फ पुसले गेले, तेव्हा चालण्याच्या वाटेवरील लेप पोपडे धरून सुटत होता आणि मुलांच्या मोज्यांना तपकिरी कपच्या चिकटून घरभर फिरत होत्या. ठेकेदाराने पुन्हा एक हात मारून देण्याची तयारी दाखवली, तीही निम्म्या दरात. ती नाकारून आम्ही आधी कारण शोधायचे ठरवले. त्या शोधाची आणि त्यानंतर केलेल्या कामाची ही नोंद आहे.

पोपड्याची उलटी बाजू

या प्रकरणातील सर्वांत उपयोगी पुरावा नखाएवढा होता. मधल्या वाटेवरचा एक पोपडा उचलून उलटा करून पाहिला, तर त्याच्या पाठीला राखाडी, चंदेरी रंगाची बारीक लव चिकटलेली होती. भिंग लावल्यावर ती लव म्हणजे लाकडाचेच तंतू असल्याचे स्पष्ट दिसले. लेपाने लाकूड सोडले असते तर पोपड्याची पाठ स्वच्छ निघाली असती. येथे लेप तंतूंना घट्ट धरून होता आणि ते तंतूच खालच्या निरोगी लाकडापासून सुटले होते. डब्यातील मालाला दोष देण्याची आमची पहिली इच्छा येथेच ओसरली.

हे कसे घडते ते सांगितल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत. उन्हातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन नावाच्या द्रव्याचे विघटन करतात, आणि हे द्रव्य लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम करते. विघटित लिग्निन पावसाने धुऊन जाते, वर सैल पडलेले फिकट तंतू उरतात आणि त्यांच्यावर बुरशी वाढून लाकूड राखाडी दिसू लागते. अमेरिकी वनखात्याची विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे १९१० पासून चालत आलेली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी या विषयावर दीर्घकाळ काम करत आली आहे. उघड्या लाकडाने काही आठवडे ऊन खाल्ले तरी त्यावर नंतर लावलेल्या रंगाची पकड घटते, हे तिच्या संशोधनातून पुढे आले. आमचा डेक तर रंगाविना कित्येक उन्हाळे रापलेला होता. ठेकेदाराने तो जोरदार फवाऱ्याने धुतला तेव्हा काळपटपणा गेला, पण सैल तंतू निघण्याऐवजी पिंजले गेले आणि त्या पिंजलेल्या थरावरच लेप बसला.

दुसरा दोष ओलीचा होता. जुने फोटो चाळल्यावर त्यांच्या तारखांवरून असे निघाले की धुणे एका दुपारी झाले आणि लेप दुसऱ्याच दुपारी, भर उन्हात, दोन हातांचा लागला. फळीचा पृष्ठभाग ऑगस्टच्या उन्हात तासाभरात कोरडा भासतो, परंतु आत गेलेले पाणी बाहेर पडायला दिवस लागतात. वरून घट्ट थर बसल्यामुळे ते पाणी अडकले. त्यातच तापलेल्या लाकडावर लेप आत मुरण्याआधीच वर सुकला. दोन हात दिल्यामुळे तर तो सरळ सालीसारखा बसला. अशा सालीला एकदा चीर गेली की पाणी तिच्याखाली शिरते आणि तेथेच राहते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात ते पाणी रात्री गोठते आणि दुपारी वितळते, आणि प्रत्येक फेऱ्यात साल थोडी उचलली जाते.

नुकसानीचा नकाशाही हेच सांगत होता. बाकाखालची पट्टी आणि छपराच्या वळचणीखालची दोन फूट जागा जवळजवळ शाबूत होती. सर्वांत वाईट अवस्था फळ्यांच्या कापलेल्या टोकांशी, खिळ्यांच्या डोक्यांभोवती आणि पन्हळीचे पाणी ज्या पायऱ्यांवर उडते तेथे होती. कापलेल्या टोकाकडून लाकूड अंगाच्या बाजूपेक्षा कितीतरी वेगाने पाणी पिते, त्यामुळे हा नकाशा अपेक्षितच म्हणावा लागेल.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करायला हवा, कारण तो आमचाही होता. 'ट्रीटेड' लाकूड म्हटले की त्याला काही करावे लागत नाही असे आपण धरून चालतो. मुरवलेले रसायन लाकडाला कूज आणि कीड यांपासून वाचवते. पाणी पिऊन फुगणे, सुकून आकसणे, चिरा पडणे आणि उन्हाने रापणे यांच्यावर त्याचा इलाज नाही.

काम ठरवताना

लाकडाचे वय आधी पाहिले ते सुरक्षिततेसाठी. २००३ च्या अखेरपर्यंत येथील घरगुती डेकच्या लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण मुरवले जात असे. त्यानंतर घरगुती वापरासाठी ते थांबले आणि तांब्यावर आधारलेली, आर्सेनिकविरहित रसायने आली. आमचे लाकूड २००८ चे असल्यामुळे घासकाम आणि रासायनिक सफाई करणे शक्य होते. डेक त्याआधीचा असता तर हे काम मी घरी केले नसते, कारण त्या लाकडाची धूळ विषारी असते आणि काही सफाईद्रव्यांमुळे त्यातील क्रोमियम अधिक घातक रूपात जाऊ शकते.

मग खाली शिरून सांगाडा पाहिला. तुळया, खांब आणि घराच्या भिंतीला बोल्टांनी जखडलेली मुख्य फळी यांत पेचकसाचे टोक रुतवून पाहिले. सर्व ठणठणीत होते. वरच्या फळ्यांपैकी दोन फळ्यांत टोकाशी पेचकस लोण्यात जावा तसा गेला. त्या दोन्ही पन्हळीच्या बाजूच्या होत्या. त्या बदलल्या आणि उचललेले खिळे काढून त्यांच्या जागी बाहेरच्या कामाचे लेपित स्क्रू बसवले. मुरवलेल्या लाकडातील तांबे साध्या लोखंडाला लवकर गंजवते, त्यामुळे येथे स्वस्त स्क्रू घेऊन काटकसर होत नाही.

काळ्या डागांचा प्रश्न उरला. उत्तरेकडच्या कोपऱ्यातील डागांवर घरगुती ब्लीचचे दोन थेंब टाकले. मिनिटभरात डाग फिकटला, म्हणजे ती बुरशी होती. नुसती धूळ-माती असती तर रंग बदलला नसता. खिळ्यांभोवतीचे निळसर काळे ओघळ मात्र ब्लीचला दाद देईनात. ते लोखंड आणि लाकडातील टॅनिनजातीय द्रव्ये यांच्या संयोगाने पडतात, आणि त्यांना ऑक्झॅलिक आम्लच लागते. ब्लीच आणि आम्ल हे कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. म्हणून चाचणीची जागा त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुऊन काढली.

नवा लेप कोणता, यावर घरात थोडा वाद झाला. पत्नीला पूर्ण अपारदर्शक रंग हवा होता, कारण त्याखाली सगळे दोष झाकले जातात. त्या उन्हाळ्यात रत्नागिरीहून आलेल्या सासऱ्यांनी निकाल एका वाक्यात दिला, "जावईबापू, लाकडाला रंग फासू नये, तेल पाजावे." कोकणात होड्यांना आणि घरच्या लाकूडकामाला काजूच्या टरफलांचे तेल लावणारा माणूस वेगळे काय सांगणार! पण त्यांच्या वाक्यात तत्त्व अचूक होते. पायाखालच्या आडव्या फळ्यांवर साल धरणारा लेप टिकत नाही. आत मुरणारा लेप झिजतो, फिकटतो, पण सोलत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी नुसते धुऊन पुन्हा देता येतो. नुसते बिनरंगी तेल मात्र उन्हाला अडवत नाही. अतिनील किरणांना अडवण्याचे काम त्यातील रंगद्रव्य करते. म्हणून फळ्या आणि पायऱ्यांसाठी तेलाधारित, अर्धपारदर्शक स्टेन, म्हणजे आत मुरणारा रंगीत लेप ठरला. कठड्याच्या बाबतीत पत्नीचे म्हणणे मान्य केले, त्याचे कारण पुढे येईल.

गणपतीच्या आधी आणि नंतर

काम १६ सप्टेंबर २०२३ या शनिवारी सुरू झाले. १९ तारखेला गणपती होते आणि पाहुणे येण्याआधी डेक तयार व्हावा असा घरातून आग्रह होता. तो मी मान्य केला नाही, आणि पुढचा सगळा निकाल त्या एका नकारावर अवलंबून होता असे मला आजही वाटते. त्या वर्षीचे पाहुणे उघड्या, पांढुरक्या फळ्यांवर चहा पिऊन गेले.

जुना लेप उतरवण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे स्ट्रिपर वापरले. आधी ग्रिलच्या मागच्या एकाच फळीवर वीस मिनिटे ठेवून पाहिले. लेप सुरकुतला आणि ताठ ब्रशने घासताच तपकिरी लापशीसारखा निघाला. सरकत्या दाराची अ‍ॅल्युमिनियमची चौकट प्लास्टिकने झाकली, कारण कॉस्टिक त्या धातूला खाते. डेकभोवतीची हायड्रेंजियाची झाडे आधी पाण्याने चिंब केली आणि काम चालू असतानाही भिजवत राहिलो, तरी एका झाडाची डेककडची पाने करपलीच. रबरी हातमोजे, गॉगल आणि जुने बूट यांबाबत तडजोड केली नाही. चार-पाच फळ्यांचा पट्टा घ्यायचा, द्रव सुकू लागले की हलका फवारा द्यायचा, घासायचे, धुवायचे आणि पुढे सरकायचे, असे दीड दिवस चालले.

पायऱ्यांवर आणि उत्तर कोपऱ्यात लेप जवळजवळ उरलाच नव्हता, फक्त बुरशी आणि शेवाळ होते. तेथे कॉस्टिकची गरज नव्हती. सोडियम परकार्बोनेटची भुकटी कोमट पाण्यात कालवून ते पाणी दहा-पंधरा मिनिटे ओले ठेवले. हे द्रव्य पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे सुटते आणि फेस येऊन मळ वर उचलते. कालवलेले पाणी काही तासांत निर्जीव होते, त्यामुळे लागेल तेवढेच करावे लागते.

धुण्यासाठी प्रेशर वॉशर वापरला, पण रुंद पंख्यासारखा फवारा देणारी तोटी लावून, दाब ६०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास ठेवून आणि फळीपासून फूटभर अंतर राखून. फवारा नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवला. या यंत्राने मळ 'कापण्याचा' मोह फार होतो. २०२१ मध्ये नेमके तेच झाले होते.

कॉस्टिकने पाइन लाकूड गडद, जवळजवळ चहाच्या रंगाचे होते आणि त्यात अल्कली शिल्लक राहते. म्हणून रविवारी ऑक्झॅलिक आम्लाचा ब्रायटनर, म्हणजे लाकूड उजळवणारे द्रव, ओल्या फळ्यांवर फवारला. सासरे खुर्ची टाकून बसले होते. पंधरा मिनिटांत फळ्यांचा रंग चहावरून ताकावर आला आणि खिळ्यांभोवतीचे काळे ओघळ आमच्या डोळ्यांदेखत विरले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. तो संपूर्ण दोन दिवसांतील एकमेव क्षण होता ज्यात कामाला दाद मिळाली.

कठड्याच्या उभ्या पट्ट्यांवर मात्र आम्ही हरलो. ठेकेदाराचा लेप तेथे ऊन-पाण्याचा मारा कमी असल्याने घट्ट होता आणि दोनदा स्ट्रिपर देऊनही सांध्यांत, कोपऱ्यांत अडकून राहिला. शंभरावर पट्ट्यांचा प्रत्येक कोपरा खरवडण्यात पंधरवडा गेला असता. अर्धपारदर्शक लेपाखाली ते ठिपके उठून दिसले असते. उभ्या लाकडावर पाणी साचत नाही आणि पाय पडत नाहीत, त्यामुळे तेथे अपारदर्शक रंगाचे आयुष्य बरे असते. कठडा पांढरा करण्याचा निर्णय असा परिस्थितीनेच करवला, आणि पत्नीने तो आपला विजय म्हणून नोंदवला आहे.

वाट पाहणे

यानंतर अठरा दिवस लेपाचे काहीच काम झाले नाही. २३ सप्टेंबरला नॉर्थ कॅरोलायनात धडकलेल्या ओफिलिया वादळाचे अवशेष आमच्यावर येऊन ओतले. ते वाळते न वाळते तोच २९ तारखेचा, न्यूयॉर्कच्या रस्त्यांत आणि सबवेत पाणी भरणारा पाऊस झाला. मधल्या कोरड्या दिवसांत लेप उरकून टाकावा असे अनेकांनी सुचवले. दोन पिनांच्या ओलमापकाचा आकडा तेव्हा बहुतेक फळ्यांवर २० च्या वर होता. स्टेनसाठी तो साधारण १५ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो.

एक तांत्रिक बाब येथे नोंदवतो. मुरवलेल्या लाकडातील क्षारांमुळे हा मापक थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून त्याच्या जोडीला पाण्याच्या थेंबांची परीक्षा ठेवली. फळीवर चार-सहा थेंब टाकायचे. ते मण्यांसारखे उभे राहिले तर जुना लेप शिल्लक आहे, पसरून तसेच राहिले तर लाकूड आधीच तृप्त आहे, आणि काही मिनिटांत मुरले तर लाकूड घेण्याच्या मनःस्थितीत आहे.

२ ऑक्टोबरपासून हवा उघडली आणि ऋतूच्या मानाने चांगलीच ऊबदार झाली. संध्याकाळी मास्क लावून ६० नंबरच्या घासकागदाने फळ्या हलक्या घासल्या. धुण्याने उठलेली लव आणि उघड्या राहिलेल्या दोन-अडीच आठवड्यांत पुन्हा सैल पडू लागलेले वरचे तंतू, दोन्ही यात गेले. यापेक्षा बराच बारीक कागद फर्निचरला शोभतो. डेकची फळी त्याने गुळगुळीत होते खरी, पण तिची छिद्रे मिटतात आणि स्टेन आत जात नाही. फळ्यांच्या फटींत ओकच्या पानांचा आणि परागांचा कुजका लगदा गच्च बसला होता, तो पुट्टीच्या पात्याने खरवडून काढला. तो ओल धरून फळीच्या कडा सतत भिजत्या ठेवतो, आणि हे काम बहुतेक लोक गाळतात.

४ तारखेला मोकळ्या भागात मापक १३-१४ वर आला, उत्तर कोपरा अजून १७ वर होता. शनिवारी, ७ तारखेला, पुन्हा पावसाचा अंदाज होता. तेलाधारित लेपाला पावसाआधी दोन कोरडे दिवस तरी हवेत. म्हणजे गुरुवार हा एकच दिवस उरत होता. ५ तारखेला सकाळी कोपरा १५ वर आलेला पाहून मी कचेरीतून रजा घेतली. पितृपक्ष सुरू झाला होता, त्याची आठवण सासऱ्यांनीच करून दिली आणि काम गणपतीच्या आधी सुरू झालेले आहे, नवे नाही, अशी सोडवणूकही त्यांनीच केली.

दव उडेपर्यंत साडेनऊ वाजले. डबे एका बादलीत एकत्र करून ढवळून घेतले, म्हणजे दोन डब्यांतील छटांचा फरक फळ्यांवर उतरत नाही. ऊन पोचलेले नव्हते त्या बाजूने सुरुवात केली. चार इंची कुंचल्याने दोन फळ्या घ्यायच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचे आणि मगच पुढच्या दोन घ्यायच्या. मध्येच थांबले तर ओल्या आणि सुकलेल्या कडेचा सांधा गडद पट्ट्याच्या रूपाने कायमचा राहतो. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा, पोटभर पाजले. उरलेल्या सर्व जागी एकच हात, आणि वीसेक मिनिटांत जे मुरले नाही ते सुती फडक्याने पुसून घेतले. पैसे देऊन आणलेला लेप पुसून काढताना हात जड होतो, परंतु न मुरलेला लेप म्हणजे उद्याची साल असते. फळ्या आणि पायऱ्या मिळून दोन गॅलनांत थोडे कमीच लागले.

ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली नाहीत. जवसासारखी सुकणारी तेले हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात, आणि चुरगळलेल्या ढिगात ती साठून फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, घरापासून दूर ठेवली.

हिवाळ्यानंतर

शनिवारचा पाऊस आला तेव्हा लेप धरलेला होता. कठड्याचा पांढरा रंग त्यानंतरच्या कोरड्या शनिवार-रविवारांत पूर्ण झाला.

एप्रिल २०२४ मध्ये बर्फ, पानगळ आणि बर्फ काढण्याच्या खोऱ्याचे घाव सोसलेला डेक पुन्हा तपासला. फळ्यांवर एकही पोपडा नव्हता. दक्षिणेच्या बाजूचा रंग किंचित उतरला होता, पण पाण्याचे थेंब अजून मण्यांसारखे उभे राहत होते. खोऱ्याच्या कडेने दोन फळ्यांवर ओरखडे पडले होते, त्यांच्यावर कुंचल्याचे चार फटकारे पुरले. पन्हळीजवळच्या दोन पायऱ्यांनी मात्र पाणी ताबडतोब पिऊन टाकले. गेल्या सहा महिन्यांत लेपाविषयी एवढा विचार करूनही, ते पाणी पायऱ्यांवर का पडते याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मे महिन्यात पन्हळीच्या नळाला चार फुटांचा जोड देऊन त्याचे तोंड हिरवळीकडे वळवले, पायऱ्या चार दिवस वाळू दिल्या आणि डब्यात उरलेला स्टेन त्यांना लावला.